कोंबुचाचा फ्रिज: वायरिंग झालं, गडबड निघाली सेन्सरमध्ये

एसटीसी-१००० हा तापमान कंट्रोलर शेवटी डब्यात बसला आणि जुना सिंगल डोअर फ्रिज त्यावर चालू झाला. इंदूरमध्ये कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करायचा तर हीटिंग आणि कूलिंग दोन्ही लागतं. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि हिवाळ्यात माळव्यातली रात्र बरणीतलं कल्चर पार गारठवून टाकते. मला बरणी २५ अंशांवर हवी. तिशीच्या वर गेली की चहा झपाट्याने आंबट होतो, विशीच्या खाली काम रेंगाळतं.

वायरिंगमध्ये बरेच जण एकाच जागी अडकतात. हीटिंगची ५-६ आणि कूलिंगची ७-८ ही टर्मिनलं स्वतःहून करंट देत नाहीत, आत नुसता रिलेचा स्विच आहे. १-२ ला सप्लाय दिला की डिस्प्ले उजळतो, रिले टिक करतो, दिवाही लागतो, पण फ्रिज ढिम्म. १ ला आणलेल्या फेजवरून ५ आणि ७ ला जम्पर (जोडतारेचा तुकडा) टाकायचा, ६ आणि ८ मधून फेज हीटर आणि फ्रिजच्या दोन सॉकेटांना न्यायचा. न्यूट्रल आणि अर्थिंग सॉकेटांना थेट. अर्थिंग सोडू नका, हे सगळं दमट जागेत चालणार आहे. वायर, डबा, एमसीबी सगळं महाराणी रोडवर मिळतं. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट पूर्ण थंडावर ठेवायचा, नाहीतर तो मध्येच कॉम्प्रेसर तोडतो.

कूलिंगचा दिवा लुकलुकत असेल तर घाबरू नका, तो एफ३ या सेटिंगचा डिले आहे, म्हणजे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा. माझ्याकडे ५ मिनिटं ठेवलाय. लाइट जाऊन लगेच आली तरी कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू होत नाही, हा मोठा फायदा.

आता मुख्य भानगड. काही आठवडे सगळं छान चाललं, मग बॅच मंद पडायला लागली. डिस्प्लेवर २५, बरणीत काचेचा थर्मामीटर घातला तर २२. पहिला विचार येतो तो एफ४ मध्ये, म्हणजे कॅलिब्रेशनच्या सेटिंगमध्ये, उणे ३ टाकून मोकळं होण्याचा. तसं केलं नाही, कारण आदल्या बॅचला दोन्ही आकडे जुळत होते. जो फरक वाढत चाललाय, तो कॅलिब्रेशनचा नसतो.

ग्लासभर बर्फाचा चुरा घेतला, बुडेल इतकंच पाणी ओतलं, ढवळलं आणि प्रोब (कंट्रोलरचा तापमान सेन्सर) त्यात सोडला. शून्य यायला हवं होतं, आकडा सहाच्या वर जाऊन थांबला. सप्लाय बंद करून प्रोबच्या तारा ३-४ मधून काढल्या आणि मल्टीमीटर लावला. हा १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर आहे, तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स घटतो: २५ अंशांना १०, बर्फात साधारण २७-२८ किलोओहम. माझा बर्फात २० च्या आसपास दाखवत होता. म्हणजे कंट्रोलर ठणठणीत, खोटं बोलत होता तो प्रोब.

कारण ओलावा. स्टीलच्या टोपीत केबल शिरते त्या तोंडाशी फ्रिजमधलं दव झिरपतं आणि थर्मिस्टरला समांतर गळतीची वाट तयार होते. रेझिस्टन्स घटतो, एनटीसीत घटलेला रेझिस्टन्स म्हणजे वाढलेलं तापमान, आणि कंट्रोलर बिचारा गार करत सुटतो. थंडीत थर्मिस्टरचा स्वतःचा रेझिस्टन्स मोठा असतो, म्हणून तीच गळती तिथे जास्त चूक दाखवते. बरणीजवळ ३ अंश, बर्फात ६. एफ४ सगळीकडे एकच आकडा वजा करतो, त्यामुळे ही चूक त्याच्या आवाक्यातली नाही.

नवा प्रोब आधी बर्फात तपासला, मग तोंडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवली. बरणीच्या बाहेरच्या अंगाला, टोपीचं बंद टोक वर आणि केबल खाली अशा बेताने चिकटवला, म्हणजे पाणी तोंडात न शिरता केबलवरून ओघळून जातं. वरून फोमचा तुकडा, म्हणजे तो हवा नाही तर चहा मोजतो. एफ२, म्हणजे किती अंश फरक पडल्यावर रिले चालू व्हावा ते, एक अंशावर आहे. आकडे पुन्हा जुळतात, आणि या बॅचवर नवी साय (कल्चरचा वर धरणारा थर) दाट, पांढरी, एकसंध धरलीय. बघत राहावंसं वाटतं.

कॉम्प्रेसर सुटताना डिस्प्ले क्षणभर उडी मारतो, ते अजून राहिलंय. सेन्सरची केबल फ्रिजच्या वायरला चिकटून जाते, ती आधी वेगळ्या बाजूने घेतो. तेवढ्याने भागलं नाही तर कूलिंगच्या रिलेवर स्नबर, म्हणजे स्विचिंगचा झटका शोषणारा भाग, लावीन.