उडणाऱ्याला खड्ड्याचं काय भय? आमच्या गेम स्टुडिओची वाटचाल

आमचा छोटा गेम स्टुडिओ रत्नागिरीत आहे. पगार निघतात ते दुकानांची बिलिंग ॲप आणि आंबा बागायतदारांच्या वेबसाइट करून. त्यातून उरणारा पैसा आणि वेळ गेली काही वर्षं आम्ही एकाच खेळात घालतोय. महाधनेश पक्ष्याचा, जुन्या कॅसेटच्या टीव्ही गेमसारखा दिसणारा पिक्सेल-आर्ट (चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा) प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे फळ्या-फांद्यांवरून उड्या मारत पुढे जायचा खेळ.

गेम उडण्याचा आहे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फ्लॅपी बर्ड?" तो टॅप करून पक्षी उडवायचा मोबाइल गेम. नाही. आमची अडचण वेगळीच होती. प्लॅटफॉर्म गेमचा जीव खड्ड्यात असतो. 1985 च्या सुपर मारिओमध्ये उडी चुकली की डाव गेला, म्हणून प्रत्येक उडीला किंमत. नायकाला पंख दिले की खड्डे, काटे, भिंती सगळं निकामी. खेळाडू पडद्याच्या वरच्या कडेने सरळ शेवट गाठतो आणि कंटाळतो.

मग जुने खेळ पुन्हा काढले. 1982 च्या 'जाउस्ट'मध्ये दर फडफडीला बटण दाबावं लागतं. पुढे निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी प्रोग्राम केलेल्या 'बलून फाइट'मध्ये फुग्यांवरचा माणूस थांबवायला गेलं तरी पुढे घसरतो आणि खरी मजा त्या घसरण्यात आहे. नॉर्वेच्या डी-पॅड स्टुडिओने जवळपास दशकभर खपून 2016 मध्ये आणलेल्या 'आऊलबॉय'मध्ये घुबडासारखा पोरगा मित्रांना उचलून उडतो. ते बघताना आमच्या मनात एकच शब्द अडकला: ओझं.

आणि ओझं वाहणारा पक्षी तर आमच्याच देवरायांत होता. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवून. आतली मादी आणि नंतर पिल्लू, सगळी भिस्त नरावर. तो वड-उंबराची फळं घशात भरून आणतो आणि फटीतून एकेक देतो. आमचा अख्खा गेम हाच आहे. रिकाम्या घशाने पक्षी हवा तिथे जातो. फळं भरत गेलात की तो जड होतो, फडफडीला कमी उचलतो, फांदीवर टेकून दम घ्यावा लागतो. म्हणजे ज्या फांद्यांची गरज संपली होती, त्याच परतीच्या वाटेवर पुन्हा प्लॅटफॉर्म झाल्या! किती फळं घ्यायची हा निर्णय खेळाडूचा. हे पहिल्यांदा पडद्यावर चाललं तेव्हा आमच्या ऑफिसात कुणी जेवायला उठेना.

चित्रं आम्ही 320 बाय 180 पिक्सेलमध्ये काढतो. सहापट केलं की 1920 बाय 1080 चा पडदा बरोबर भरतो, एकही पिक्सेल फाटत नाही. लांबट मोबाइलवर दोन्ही बाजूंना थोडं जास्त जंगल दिसतं, एवढाच फरक. पक्ष्याची जागा मात्र अपूर्णांकात मोजतो आणि चित्र ठेवताना पूर्ण पिक्सेलवर आणतो. इवातांनीही 'बलून फाइट'चा हिशेब असाच पिक्सेलहून बारीक मापाने ठेवला होता. आवाजावर आमचा फार जीव. महाधनेशाच्या पंखांचा सूंऽ सूंऽ आवाज लांबूनही ऐकू येतो, म्हणून ओझं वाढलं की गेममधला तो आवाजही जाड होतो. कोपऱ्यात वजनाचा आकडा आम्ही ठेवलेलाच नाही, कानानेच कळायला हवं.

हिशेबाचं म्हणाल तर स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम चढवायला 100 डॉलर लागतात आणि विक्रीतले साधारण 30 टक्के त्यांचे. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी मधे जाहिराती घालायला सुचवलं, आम्ही नाही म्हटलं. पिल्लाला भूक लागलेली असताना मधेच जाहिरात? एकदाच पैसे भरा आणि खेळा, हेच ठरलं आहे.

सध्या दुसरा भाग सुरू आहे. पिल्लू अर्धं वाढलं की महाधनेशाची मादी ढोली फोडून बाहेर येते आणि दोघं मिळून चारा आणतात. तिथून दुसऱ्या खेळाडूसाठी दुसरा कंट्रोलर जोडता येईल.