तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नशिप, परदेश की एनएसएस?

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. मुलांच्या वर्गाबाहेरच्या कामाची व्यवस्थाही माझ्याकडे आहे. हे कळलं की पालकसभेत, प्रवेशाच्या रांगेत, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न येतो: "मॅडम, मुलाने इंटर्नशिप करावी, एखादं सेमिस्टर परदेशी जावं, की एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घालावं? वजन कशाला जास्त?"

तिन्हींना भरपूर वजन असू शकतं आणि तिन्ही पोकळही निघू शकतात. म्हणून मी उलट विचारते: मूल जिथे जाणार आहे, तिथे त्याच्या कामाची कुणी वाट बघणार आहे का? त्याने केलेल्या तक्त्यावाचून, त्याने घेतलेल्या तासावाचून कुणाचं अडणार असेल, तर काम चुकल्यावर तो माणूस गप्प बसणार नाही. तो बोलेल, दाखवेल, पुन्हा करून घेईल. शिकणं तिथे होतं. ज्याच्या कामावाचून कुणाचंच अडत नाही, त्याच्याशी सगळे गोड बोलतात आणि शेवटी सर्टिफिकेट हातात ठेवतात.

आता हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडणारे उपक्रम क्रेडिटसह आले. एमए-एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी चार क्रेडिटचं ओजेटी असतं, म्हणजे 120 तास. धोरणामागचा विचार मला मनापासून पटतो. पण क्रेडिट आलं की तास भरणं हेच काम होऊन बसतं. मे महिना जवळ आला की मुलांच्या फोनवर जाहिराती येतात: अमुक रुपये भरा, घरबसल्या इंटर्नशिप करा, प्रमाणपत्र आणि शिफारसपत्र मिळवा. मुलं हे मला दाखवायला आणतात तेव्हा मी स्पष्ट सांगते, ज्या कामासाठी तुलाच पैसे भरावे लागतात, ते काम कुणालाही नको आहे. तिकडे जाऊ नकोस.

खरी जागा कशी असते? माझी एक विद्यार्थिनी चाकणला गाड्यांचे बुश, म्हणजे नळीसारखे छोटे भाग, बनवणाऱ्या कारखान्यात गेली. क्वालिटी विभागाने तिला रिजेक्शनचं, म्हणजे नापास ठरलेल्या नगांचं, रजिस्टर दिलं आणि शिफ्टवार तक्ता मागितला. सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगला तो लागायचा. तिने आलेख काढले. थर्ड शिफ्टचं रिजेक्शन सगळ्यांत कमी, फर्स्ट शिफ्टचं सगळ्यांत जास्त. गणित बिनचूक होतं. तिने निष्कर्षही लिहिला, की रात्रपाळीचं काम सर्वांत चांगलं.

तिथल्या वयस्कर इन्स्पेक्टरने तो कागद वाचला आणि काही न बोलता तिला शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांपाशी, नेलं. प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन, हातात दिलं. त्याचं 'गो'चं टोक बुशच्या बोअरमध्ये (भोकात) गेलं पाहिजे, 'नो-गो'चं जाता कामा नये. तिला पन्नासेक नग तपासायला लावले आणि मग विचारलं, "पोरी, रात्री हे कोण करतं?" रात्री इन्स्पेक्टरच नसतो. रात्रपाळीचे नग ट्रेमध्ये पडून राहतात, सकाळी तपासले जातात आणि खराब निघालेले फर्स्ट शिफ्टच्या खात्यावर चढतात. रीवर्क, म्हणजे दुरुस्ती, होऊन पास झालेले तर कुठेच लिहिले जात नाहीत.

डेटा कुठून येतो, कोण लिहितो, कधी लिहितो, हे आधी विचारावं असं मी वर्गात दर वर्षी सांगते. मुलं वहीत उतरवून घेतात. त्या मुलीने नंतर रजिस्टरमध्ये 'नग कोणत्या शिफ्टला निघाला' हा रकाना घालून घेतला. कारखान्यासाठी ती बारीक गोष्ट असेल, पण एखाद्या सर्वेक्षणाचा आकडा समोर आला की ती आता पहिल्यांदा तो कुणी मोजला ते विचारते. त्या इन्स्पेक्टरकडे पदवी होती की नाही मला माहीत नाही. माझ्या विषयाचे ते मोठे शिक्षक आहेत.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. बिनपगारी इंटर्नशिप ही घरचा आधार असलेल्या मुलांची गोष्ट आहे. ज्याचं घर कोथरूडला आहे, डबा आई देते आणि पेट्रोल बाबा भरतात, त्याला दोन महिने फुकट काम परवडतं. बीड किंवा परभणीहून आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, महिन्याच्या सुरुवातीला मेसवाल्या काकूंना पैसे द्यायचेत म्हणून संध्याकाळी कुरिअरची पार्सलं वाटणारा मुलगा चाकणला फुकट कसा जाणार? आपल्या विद्यापीठात 'कमवा व शिका' योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेला तो विचार. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून शेकडो मुलं आपला खर्च भागवतात. पण अशा मुलांना आपण विचारतो, "तू इंटर्नशिप कुठे केलीस?" आणि ते मान खाली घालतात.

माझं ठाम मत आहे, की ही कामं शिक्षण म्हणून मोजली गेली पाहिजेत. औषधांच्या दुकानात रात्री आठ ते बारा उभा राहणारा माझा एक विद्यार्थी होता. कोणतं औषध कोणत्या ऋतूत किती खपतं, मुदत संपायच्या आधी कंपनीला माल परत कधी पाठवायचा, मालक किती उधारी चालवतो, हे सगळं त्याला पाठ. मी त्याला तेच मागणीचं अनुमान म्हणून मांडायला सांगितलं. मालकाने पुढच्या पावसाळ्याची ऑर्डर देताना तो कागद समोर ठेवला होता. त्या वर्षीच्या वर्गातला तो सगळ्यांत चांगला प्रकल्प होता, एखाद्या मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर आलेल्यांपेक्षाही चांगला. पालकहो, तुमचं मूल आधीच कुठे काम करत असेल तर त्याच्या शिक्षकांना भेटा आणि हे ओजेटी म्हणून धरता येईल का ते विचारा. लाज वाटू देऊ नका.

एनएसएसबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. "झाडू मारायचा आणि दहा मार्क घ्यायचे," असं पालकच म्हणतात. राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, अशी तिची रचना. पुण्याच्या आसपासची शिबिरं बहुतेक मुळशी, भोर, पुरंदरकडच्या गावांत होतात. मुलं ओढ्यावर वनराई बंधारा घालतात: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि प्रवाहात आडवी रचायची. मुळशीत पाऊस धो धो पडतो, तरी मार्चनंतर वाड्यावस्त्यांवर पाण्याची टंचाई असते, म्हणून हे काम मोलाचं.

पण बंधारा ओढा वाहता असताना घालायचा असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कित्येक महाविद्यालयांची शिबिरं परीक्षांच्या वेळापत्रकामुळे डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत जातात. तोवर प्रवाह आटलेला असतो. मुलं कोरड्या ओढ्यात पोती रचतात, फोटो काढतात आणि परततात. गावकरी सौजन्याने काही बोलत नाहीत. सरपंचांना आधी फोन करून "तुम्हाला आत्ता काय हवंय?" असं विचारलं तर वेगळंच काही निघतं. कधी शाळेची भिंत असते, कधी पाणलोटाची मोजणी, कधी म्हाताऱ्या माणसांची पेन्शनची कागदपत्रं भरून द्यायची असतात. फॉर्म भरून देण्याचा फोटो चांगला येत नाही, पण त्या आजी ओट्यावर सकाळपासून बसलेल्या असतात.

वस्तीतल्या मुलांना शनिवारी शिकवायला जाण्याबद्दल मी जरा कडक आहे. उत्साहाने सुरुवात होते, तीन-चार शनिवार जातात, मग अंतर्गत परीक्षा, मग गणपती, मग कुणीच जात नाही. लहान मुलं दारात उभी राहून विचारतात, ताई कधी येणार? वर्षभर जमणार नसेल तर शिकवायचं काम घेऊ नका. सुरू होऊन संपणारं काम घ्या. ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. तेव्हा एनएसएसची मुलं पिण्याचं पाणी, पत्रावळींचा कचरा, फिरती शौचालयं यांच्या मागे दिवसरात्र उभी असतात. काम दोन-तीन दिवसांचं, पण पुरं होतं, आणि लाखो माणसांना त्याची गरज असते.

आणि ज्यांना जास्त काळ राहता येतं, त्यांच्या हातून काय होऊ शकतं याचं उदाहरण कर्वे रस्त्यावरच आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण 1990 च्या सुमारास कचरा वेचणाऱ्यांसाठी साक्षरतेचं काम करत होत्या. वर्ग भरवून त्या थांबल्या नाहीत. वेचणाऱ्या बायकामुलांबरोबर त्या फेरीला गेल्या, कचरा निवडायला बसल्या. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरातच वेगळा केलेला सुका कचरा हातात मिळाला तर कष्ट कमी आणि कमाई जास्त, हे तिथे बसल्यावर दिसलं. पुढे 1993 मध्ये डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. आज आपल्या सोसायटीच्या दारात ढकलगाडी घेऊन ज्या ताई येतात, त्यांच्या कामाचं एक मूळ विद्यापीठाच्या त्या वर्गात आहे. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते, कारण शिकवायला गेलेली माणसं तिथे शिकली आणि मग टिकून राहिली.

राहिलं परदेश. याबद्दल लोक सगळ्यांत जास्त विचारतात, पण मला थोडंच सांगायचं आहे. करारातून होणाऱ्या एका सेमिस्टरच्या अदलाबदलीत तिकडची फी सहसा माफ असते, राहण्या-जेवण्याचा खर्च आपला. जर्मनीला जायचं तर सप्टेंबर 2024 पासून महिना 992 युरो या हिशेबाने पैसे आधी दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे सहा लाखांच्या आसपास होतात. जाण्यापूर्वी कोणते विषय तिथे घेणार आणि इथे कोणते धरले जाणार, याचा लेखी करार दोन्हीकडून सही करून घ्या. नाहीतर परतल्यावर तेच सेमिस्टर पुन्हा द्यावं लागतं.

जमत असेल तर जरूर पाठवा. तिथे सेमिनारमध्ये गप्प बसलेला मुलगा नम्र समजला जात नाही, तो वाचून आलेला नाही असं धरतात. प्राध्यापकांचं म्हणणं खोडून काढायची मुभा असते आणि अपेक्षाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे 1928 मध्ये पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑइगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते, आणि कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावरून युरोपियांचं श्रेष्ठत्व दाखवता येईल असं त्यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा काही फरक सापडत नाही असं प्रबंधात लिहिलं. विशी नुकती ओलांडलेली पुण्याची मुलगी, परकी भाषा, आणि पदवी त्याच माणसाच्या हातात. मोजमापाशी असं इमान राखणं माझ्या मुलामुलींना जमावं, यासाठी मी वर्गात जीव तोडून बोलते.

ज्यांना परदेश परवडत नाही, त्यांनी खंतावू नये. अफगाणिस्तान, येमेन, आफ्रिकेतले देश इथून शिकायला आलेली मुलं पुण्याच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं आहेत. कित्येकदा ती तीन वर्षं एकटी डबा खाऊन परत जातात. त्यांच्याबरोबर एखादा प्रकल्प करा, सुट्टीत घरी जेवायला बोलवा.

शेवटी, जागा शोधायची कशी? उन्हाळ्यासाठी जानेवारीतच सुरुवात करा, एप्रिलमध्ये चांगल्या जागा उरत नाहीत. परदेशी सेमिस्टरसाठी किमान एक वर्ष आधी. मोठ्या नावांच्या मागे लागण्याआधी भोसरीतले छोटे कारखाने, वॉर्ड ऑफिस, नगर वाचनालय, गल्लीतल्या सीएंचं ऑफिस इथे स्वतः जाऊन भेटा. ईमेलला उत्तर येत नाही, समोर उभ्या असलेल्या मुलाला निदान बसायला सांगतात. भेटल्यावर दोन गोष्टी विचारा: मी केलेलं काम पुढे कोण वापरणार, आणि चुकलं तर मला कोण सांगणार? दोन्हींची उत्तरं एखाद्या माणसाच्या नावाने आली, तर स्टायपेंड आणि जाण्यायेण्याचा खर्च विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशीपासून जायला लागा. रोज रात्री पाच ओळी लिहा: आज काय केलं, कुणी काय दुरुस्त केलं. ओजेटीची डायरी आमच्याकडे द्यायची असतेच. माझ्याकडे येणाऱ्या डायऱ्यांमध्ये मी दुरुस्त्यांच्या ओळी आधी वाचते.