अठरा टक्के

पन्नास पेशी मोजल्या. एक्केचाळीस पेशींत ४६ गुणसूत्रं, नऊ पेशींत ४७, जास्तीचं ते २१वं, म्हणजे डाउन सिंड्रोम. नऊ भागिले पन्नास, म्हणजे १८ टक्के. हा भागाकार मी केला, अहवालात मीच टाइप केला, आणि मग तो आकडा कुठे कुठे फिरला ते मला गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून मनातून जात नाही.

पणजीच्या जवळ एका प्रयोगशाळेत मी सायटोजेनेटिक्सचं काम करते. रक्तातल्या पेशी वाढवायच्या, त्यांतली गुणसूत्रं मोजायची, ओळखायची. अकरा वर्षं झाली. आमच्या खोलीत पेशंट येत नाही, त्याची नळी येते. ती हिरव्या बुचाची, हेपॅरिनची यायला हवी. कलेक्शनवाले अजूनही अधूनमधून जांभळ्या बुचाची पाठवतात, त्यात पेशी धड वाढत नाहीत. मग पुन्हा रक्त मागवायचं, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या पोराला पुन्हा धरून टोचायचं. बुचाचा रंग बघायला असा किती वेळ लागतो?

रक्त माध्यमात घातलं की त्यात राजम्यापासून काढलेला एक अर्क टाकतो, त्याने झोपलेल्या पांढऱ्या पेशी विभागायला लागतात. ३७ अंशांवर ७२ तास. मग कोल्चिसिन, विभागणी ऐन मध्यावर थांबवायला. आपल्याकडे ते कळलावीच्या बियांतून काढतात. चवथीच्या सुमारास कुंपणांवर लालपिवळी फुललेली असते ती कळलावी. त्यानंतर पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात धुवायच्या, आणि थेंब स्लाइडवर सोडायचा. हा थेंब सोडणं हा माझा अभिमानाचा भाग आहे. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेला पाणी सुटलेलं असतं. मिश्रण सावकाश सुकतं, पेशी नको इतकी पसरते, फुटते, आणि एखादं गुणसूत्र शेजारच्या पेशीत जाऊन पडतं. २१वं तर सगळ्यांत लहान. एका पेशीत ४५ आणि बाजूच्या पेशीत ४७ दिसले, तर ते मुलाच्या शरीरातलं आहे की माझ्या स्लाइडवरचं, हे ठरवायचं कसं? म्हणून पावसाळ्यात मी दर स्लाइडआधी आर्द्रता बघते, एक स्लाइड टाकून तपासते आणि मगच पुढची टाकते. अशा दिवसांत कुणी घाई केलेली मला खपत नाही.

गेल्या पावसाळ्यात आलेली ही नळी सव्वादोन वर्षांच्या मुलीची. (गाव, ओळख पटेल असं काहीही इथे लिहीत नाही.) चालायला उशीर, बोलणं नाही, चेहऱ्यावर फारसं काही नाही. दोन ठिकाणी ‘होईल हळूहळू’ ऐकून तिसऱ्या डॉक्टरांनी रक्त पाठवलेलं. नेहमीच्या वीस पेशींत ४७ गुणसूत्रांच्या चार सापडल्या. चारही पेशी न फुटलेल्या, शेजारी कुणाचं काही हरवलेलं नाही, जास्तीचं ते प्रत्येक वेळी २१वंच. सही करणारे सर म्हणाले, चार आहेत, मोझेइक (दोन तऱ्हेच्या पेशींचं मिश्रण) सिद्ध झालं, द्या अहवाल. सर माणूस म्हणून चांगले, नजर तर माझ्याहून तयार. पण त्यांना निदान हवं असतं आणि मला प्रमाणही नीट हवं होतं. मी संध्याकाळी थांबून पन्नास केल्या. आज वाटतं, त्या जास्तीच्या तीस पेशींनी मी आकडा फक्त अधिक भारदस्त केला.

डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या साधारण ९५ मुलांच्या सगळ्याच पेशींत २१वं गुणसूत्र तीनदा असतं. तिघाचौघांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटून आलेलं असतं. एखाद-दुसरंच मूल मोझेइक, काही पेशी अशा आणि काही तशा. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून अशी चार गेली, ही धरून.

अहवालाच्या तळाशी एक ठरलेली ओळ असते: ‘जेनेटिक काउन्सेलिंग इज ॲडव्हाइज्ड.’ ही ओळ मी शेकडो वेळा टाकली आहे. ते काउन्सेलिंग, म्हणजे निकालाचा अर्थ घरच्यांना समजावून सांगणं, कुठे, कोण, कधी करणार, हे त्या ओळीत नसतं.

चवथीला चार दिवस होते. खाली काउंटरवर मुलीच्या आईला पाकीट मिळालं, ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगितलं. डॉक्टर चवथीनंतरच भेटणार होते. बाई कदंबच्या स्टँडपर्यंत गेली, बसमध्ये बसून पाकीट उघडलं, वाचलं, आणि बस सुटायच्या आत उतरून परत आली. काउंटरवरच्या मुलीने मला फोन केला: “ताई, ही बाई जात नाही. तुम्ही बोलता?”

तंत्रज्ञाने पेशंटशी निकालावर बोलायचं नाही, असा नियम आहे. तो योग्य आहे, आजही मी तो योग्यच मानते. मी खाली गेले.

तिची सासू बरोबर होती, मूल तिच्या खांद्यावर झोपलेलं. बाईचं माहेर दोडामार्गचं, सत्तरीत दिलेली, म्हणून माझ्याशी मराठीतच बोलली.

“मॅडम, अठरा म्हणजे चांगलं की वाईट?”

मी म्हटलं, “आधी बसा तुम्ही.”

“म्हणजे ब्याऐंशी टक्के ती बरी आहे ना?”

ह्याचं उत्तर मला येत होतं, आणि ते देणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. मी सांगितलं की हा आकडा रक्तातल्या पन्नास पेशींचा आहे. त्याच नळीतून आणखी पन्नास घेतल्या तर कदाचित सहा निघतील, कदाचित तेरा. रक्तातलं प्रमाण मेंदूत तेवढंच असतं असं नाही, हृदयात, त्वचेतही नाही. अठरावरून ती कधी बोलेल, किती शिकेल, हे मी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरही नाही सांगू शकणार.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने जे विचारलं त्यासाठी मी तयार नव्हते. पोटुशी असताना कुळागरात पोफळींच्या फवारणीला मोरचूद आणि चुना तिने कालवून दिला होता. त्याने झालं का? तिने सासूकडे न बघता विचारलं. सासूने मात्र माझ्याकडे बघितलं: “बाय, तशें आसूं येता?”

नाही, मी म्हटलं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. ह्यात कुठेतरी एका पेशीत २१व्याची वाटणी चुकते, आणि त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकीबाळी तशाच होतात. कधी उलटं असतं, सुरुवातीलाच जास्तीचं असतं आणि काही पेशी ते टाकून देतात. ते कुणाच्या कालवण्याने होत नाही, खाण्याने नाही, ग्रहणानेही नाही. म्हातारीने मान हलवली आणि नातीच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या दिवशी मी केलेलं एवढं एक काम पक्कं झालं असं मला वाटतं.

मग तिला चित्र बघायचं होतं. मी कॅरिओटाइपची प्रत आणून दाखवली, ४६ची आणि ४७ची. तिने २१व्यांवर बोट ठेवलं. “एवढंसं?” म्हणाली.

थांबू नये अशा गोष्टी मी एका कागदावर लिहून दिल्या: बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हृदयाचा इको, कान, डोळे, थायरॉइड आणि मग दर वर्षी थायरॉइड. फिजिओ आणि स्पीच थेरपी निदान पचेपर्यंत थांबवायची नाही. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था: फोंड्याला ढवळीत लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीला संजय स्कूल, चेन्नईत डाउन सिंड्रोम फेडरेशन ऑफ इंडिया. ही नावं माझ्या अभ्यासक्रमात नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, अपंग व्यक्तींचा महोत्सव, भरला, तिथे मी गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा डाउन असलेल्या एका मोठ्या माणसाशी बोलले. तोवर आठ वर्षं मी त्याचं २१वं गुणसूत्र पट्ट्यांवरून ओळखत होते. त्याने मला चहाला पैसे सुट्टे आहेत का विचारलं. आमच्या शिक्षणात ही भेट कुणी का ठेवत नाही, ते मला कळत नाही.

निघताना तिने विचारलं, “अशी दुसरी कुणी आहे का, गोव्यात?”

होती. आधीच्या तिघांतला एक मुलगा आता शाळेत जाण्याच्या वयाचा असणार होता. नाव मला पाठ होतं, रजिस्टर दहा पावलांवर होतं. मी “बघते” म्हटलं. नंबर देणं शक्यच नव्हतं. त्या मुलाच्या डॉक्टरांना फोन करून मी एवढंच विचारलं, की एका आईला दुसऱ्या आईशी बोलायचं आहे, तुम्ही त्यांना विचाराल का? डॉक्टरांनी विचारलं. ‘हो’ यायला पाच आठवडे लागले. हे पाच आठवडे ती बाई कशी राहिली असेल, ह्याचा विचार मी तेव्हा केला नाही, आता करते.

गेल्या महिन्यात थायरॉइडच्या रक्तासाठी ती आली आणि वर निरोप पाठवला. मुलगी तीन वर्षांची होत आली आहे, खुर्चीला धरून चढत-उतरत होती. दोघी आया फोंड्याला दोनदा भेटल्या होत्या. दुसरीने हिला खूप काही दिलं: पिपाणी फुंकायला लावून ओठांना जोर कसा आणायचा, शब्द येईपर्यंत हाताच्या खुणांनी ‘आणखी’ आणि ‘पुरे’ कसं शिकवायचं, घरात कुणी ‘बिचारी’ म्हणालं तर काय म्हणायचं. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मला वाटलं, जमलं.

मग ती म्हणाली, “त्यांच्या मुलाचे चाळीस आहेत मॅडम. तरी तो शाळेत जातो, नाव लिहितो. माझीचे अठराच. मग ती बोलत का नाही? मीच कुठे कमी पडते का?”

मी पुन्हा तेच सांगितलं, रक्त, पन्नास पेशी, मेंदू. तिने ऐकलं. पण दर रात्री ती काय मोजत होती ते मला कळलं.

आणि दुसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली. नवऱ्याने अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी केली होती. ज्या माणसाने कागद बघितले तो म्हणाला, दाखल्याच्या सवलतींना चाळीस टक्के लागतात, तुमचे अठराच, फुकट खेपा घालू नका. नवरा घरी आला. विषय बंद. सहा महिने गेले.

मला हे ऐकून बसायलाच लागलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात ४० टक्क्यांची अट आहे, ती अपंगत्वाच्या प्रमाणाची आहे, पेशींची नाही. ते प्रमाण विकासाच्या चाचण्यांवरून ठरतं, मुलगी काय करते, काय समजते, स्वतःचं किती बघते ह्यावरून. पाच वर्षांखाली तात्पुरता दाखला, नंतर पुन्हा तपासणी. मोझेइक मुलांतली काही ह्या चाचण्यांत ७० ते ८४ गुणांच्या मध्ये येतात, मग त्यांना नियमाने २५ टक्केच अपंगत्व मिळतं आणि मदत लागत असूनही ती बाहेर राहतात. ते भांडण वेगळं आणि खरं आहे. पण ह्या मुलीची चाचणी झालीच नव्हती. तिला अडवलं ते माझ्या भागाकाराने.

मी सरांना म्हटलं, मोझेइकच्या अहवालात एक वाक्य घालूया: हे प्रमाण तपासलेल्या रक्तपेशींचं आहे, आजाराच्या तीव्रतेचं किंवा अपंगत्वाचं नाही. मराठीत किंवा कोंकणीतही. सर म्हणाले, बरोबर आहे, पण फॉर्मॅट वरून येतो, कळवतो. त्यांनी खरंच कळवलं, मेल मी बघितला. उत्तर नाही.

त्या दिवशी तिच्या अहवालाच्या झेरॉक्सच्या मागे मी ते वाक्य हाताने लिहिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि खाली लिहिलं की विकास-चाचणी करून मगच दाखल्याचं ठरवावं. तिने वाचलं आणि म्हणाली, “मॅडम, सही?”

अहवालावर सही करायचा मला अधिकार नाही. मी माझं नाव आणि हुद्दा लिहिला, ‘तंत्रज्ञ’. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मुलीला कडेवर घेतलं. नवरा तो घेऊन पुन्हा गेला का, आणि त्या टेबलापलीकडच्या माणसाने मागची बाजू वाचली का, ते मला अजून कळलेलं नाही.