खिडकीजवळची कॉट

मी इंग्रजी बोलायला शिकवते. जुलैतली माझी बॅच म्हणजे अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींची. तिकडची बरीच कॉलेजं ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात आणि त्याआधी होस्टेलात सामान लावायचा एक दिवस असतो, 'मूव्ह-इन डे'. त्या एका दिवसावर मी बारा प्रसंग बसवलेत. किल्ली घेणं, मजला शोधणं (आपला तळमजला तो तिकडचा 'फर्स्ट फ्लोअर'), खोलीची स्थिती नोंदवायचा फॉर्म भरणं. भिंतीवर आधीचा ओरखडा असेल तर तो तेव्हाच लिहायचा, नाहीतर खोली सोडताना त्याचे पैसे आपल्या नावावर पडू शकतात. आणि सगळ्यात अवघड प्रसंग, रूममेटसोबतची पहिली पाच मिनिटं.

मुलं बारावीला इंग्रजीत उत्तम मार्क घेऊन येतात, पॅसिव्ह व्हॉइस झोपेतही करतील, आणि 'कॅन यू गिव्ह मी अ हँड?' (म्हणजे जरा मदत करशील का?) म्हटलं की हात पुढे करतात. यात त्यांचा दोष नाही. शाळेने इतकी वर्षं त्यांच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. समोरच्या माणसाला इंग्रजीत काही मागायची वेळ त्यांच्यावर कोणी आणलीच नाही. मागायची वेळ आली की 'गिव्ह मी पेन' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटतं. खरं तर मुलगा मनात 'पेन दे ना जरा' म्हणत असतो. आपली सगळी अदब त्या 'ना'मध्ये आणि 'जरा'मध्ये, आणि भाषांतरात नेमके तेच दोन शब्द गळतात. 'कुड यू'चा तास मी इथूनच सुरू करते.

त्या दिवशी 'डू यू माइंड' होतं. यात सगळे अडकतात, कारण आपण विचारतो 'चालेल ना?' आणि उत्तर येतं 'हो'. इंग्रजीतला हा प्रश्न हरकतीच्या बाजूने येतो, म्हणून परवानगी द्यायची तर 'नो' म्हणायचं. मी फरशीवर खडूने दोन कॉट आखते, खऱ्या मापाच्या. तिकडे होस्टेलात बऱ्याच ठिकाणी 'ट्विन एक्सएल' गादी असते, ३८ इंच रुंद, ८० इंच लांब. माप आखलं की दोघींमधलं अंतर पायाखाली कळतं आणि आवाज आपोआप बेताचा होतो. बाकावर बसून म्हटलेला संवाद धडा वाचल्यासारखाच येतो.

दोन मुली उभ्या केल्या. एक कोल्हापूर शहरातली, दुसरी गडहिंग्लजकडची, स्कॉलरशिपवर बी.एस. (तिकडची बी.एस्सी.) करायला निघालेली, वर्गात फार न बोलणारी. पहिलीने विचारलं, "डू यू माइंड इफ आय टेक द बेड बाय द विंडो?"

दुसरी म्हणाली, "येस."

मी नेहमीसारखं थांबवलं. "अगं, नो. नो, गो अहेड. येस म्हणालीस तर माझी हरकत आहे असा अर्थ होतो."

"हो मॅडम, माहितीये. हरकतच आहे. मला खिडकी पाहिजे."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खडूच्या त्या रेघांकडे बघत मी उभी राहिले. बारा प्रसंग, आणि एकातही आमची मुलगी नको म्हणत नव्हती. सगळीकडे 'शुअर', 'नो प्रॉब्लेम', 'गो अहेड'. सहा वर्षं मी मुलांना अमेरिकेत नीट वागायला शिकवत होते आणि नीट वागणं म्हणजे दुसऱ्याला हवं ते देऊन टाकणं, असं न सांगता शिकवत होते.

फळा पुसला आणि नव्याने लिहिलं. 'अ‍ॅक्च्युअली, आय वॉज होपिंग टू टेक दॅट वन.' 'कॅन वी स्विच नेक्स्ट सेमिस्टर?' मुलांनी वाक्यं पाठ केली, पण उभं राहून म्हणायची वेळ आली की प्रत्येकाने आधी 'सॉरी' लावलं. एका मुलाला मी चार वेळा थांबवलं, चारही वेळा 'सॉरी' आलंच. व्याकरण तासाभरात सुधारतं. हे कशाने सुधारायचं, माझ्याजवळ अजून धड उत्तर नाही. तिच्या त्या सपाट 'येस'वर मी त्याच दिवशी 'अ‍ॅक्च्युअली'ची घडी घातली, ते बरोबर केलं का, हेही मनातून जात नाही.

ऑगस्टच्या शेवटी तिचा मेसेज आला. रूममेट दुसऱ्या दिवशी आली, तोवर खिडकीजवळची कॉट हिने लावून घेतली होती, त्यामुळे तो प्रश्न निघालाच नाही. पण आता होस्टेलने 'रूममेट अ‍ॅग्रीमेंट' भरायला दिलंय. झोपायची वेळ, पाहुणे, वस्तू वापरणं, सगळं दोघींनी ठरवून लिहायचं. रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसते आणि हिला पहाटे पाचला उठून अभ्यास करायची सवय. "मॅडम, अकरानंतर मोठा दिवा नको, हे कसं लिहू?"

मी उत्तर टाइप केलं, 'आय वुड अप्रीशिएट इट इफ' पासून. खोडलं. दुसरं लिहिलं, तेही खोडलं. मग पाठवलं, 'आय नीड द मेन लाइट ऑफ बाय इलेव्हन.' खाली लिहिलं, हे लिहायच्या आधी तिच्यासमोर बसून एकदा तोंडाने म्हण.