सुझौमध्ये गणित शिकवताना: कागदांपासून वर्गापर्यंत

चीनमध्ये शिकवायला यायचा विचार असेल, तर भारतीयांनी एक गोष्ट आधीच पक्की लक्षात घ्यावी. इंग्रजी शिकवण्याचा परवाना साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टवरच मिळतो. ‘आधी बिझनेस व्हिसावर जा, पुढचं बघू’ असं सांगणाऱ्या एजंटच्या नादी अजिबात लागू नका. तिथल्या कायद्यानुसार परवान्याशिवाय काम करताना सापडलात तर ५ ते २० हजार युआन दंड होतो, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडीसुद्धा. आपल्यासाठी सरळ वाट आहे ती विषयशिक्षकाची. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवत होते. शांघायजवळच्या सुझौ शहरात एका शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात ए-लेव्हलचं, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीचं, गणित शिकवायची नोकरी मिळाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मी रुजू झाले.

त्याआधीचे महिने कागदांत गेले. पदवी, अनुभवाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिलच्या करारात आहे (एका देशाने कागदावर मारलेला शिक्का दुसऱ्या देशाने थेट मानायचा, असा हा करार) आणि भारत तर आधीपासूनच आहे. त्यामुळे एक शिक्का मारला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण भारत आणि चीन यांच्यात आपसात तो करार लागू झालेला नाही. म्हणून जुनाच रस्ता धरावा लागला: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी मुंबईतला चिनी वाणिज्य दूतावास. मधली एक पायरी गाळून पुढे जाता येत नाही.

खरा घोळ नावाचा. आपल्या विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. शाळेच्या एचआरमधली मुलगी मेसेज करून विचारायची, ‘ही सगळी माणसं तुम्हीच ना?’ लग्नानंतर मी नाव बदललं नव्हतं म्हणून शाळेच्या खुलासापत्रावर निभावलं. तुमची नावं जुळत नसतील तर सगळ्यात आधी ते काम हातात घ्या. मी सांगेन तर एवढंच सांगेन.

शाळेने परवान्याचं पत्र पाठवलं, त्यावर झेड व्हिसा, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, झाला. थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. मी हाँगकाँगमार्गे गेले. झेड व्हिसावर देशात फक्त शिरता येतं. ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि त्याआधी पोलीस चौकीत पत्त्याची नोंद. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेलवाले करतात. घर घेतलं की २४ तासांत आपण करायची.

वैद्यकीय तपासणीला उपाशीपोटी बोलावतात. हातात एक तक्ता देतात, प्रत्येक चौकटीसमोर खोलीचा क्रमांक. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, डोळे. एका खोलीतून बाहेर पडलं की पुढच्या दारातली बाई तक्त्यावर नजर टाकून बोट दाखवते, तिकडे जायचं. कोणी फारसं बोलत नाही आणि बोलायची गरजही पडत नाही. आपल्याकडे एका रिपोर्टसाठी चार हेलपाटे घातलेल्या मला ती शिस्त मनापासून आवडली.

बँकेत मात्र घाम फुटला. तिथल्या कर्मचाऱ्याने माझी तिन्ही नावं मधली जागा न सोडता सलग टाकली. पेमेंटच्या ॲपमध्ये मी ती जागा सोडून लिहिली. ॲप म्हणे, ही व्यक्ती वेगळी आहे. आणि तिकडे भाजीवालासुद्धा क्यूआर कोडवरच पैसे घेतो. आमच्या स्टाफरूममधल्या केमिस्ट्रीच्या मॅडम शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर बँकेत आल्या, काउंटरवर उभ्या राहून त्यांनी नाव दुरुस्त करून घेतलं. तोवरचे माझे जेवणाचे पैसेही त्यांनीच भरले होते. ते परत द्यायला गेले तर घेईनात.

घरी फोन करणं हे या सगळ्याहून अवघड. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद, आणि वीचॅट या तिथल्या मेसेजच्या ॲपवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. आई सांगलीत. तिच्याकडे आहे ते माझ्याकडे चालत नाही आणि माझ्याकडे आहे ते तिच्याकडे. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सॲप चालतं, कारण रोमिंगचा डेटा आपल्याच कंपनीतून फिरून येतो. स्वस्त नाही, पण ते सिम बंद करून येऊ नका. आपल्या बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. आमचं घड्याळ अडीच तास पुढे. आईचा सकाळचा चहा होतो तेव्हा माझे दोन तास शिकवून झालेले असतात. म्हणून आमचं बोलणं रविवारीच.

तोही रविवार दर वेळी आपला असेलच असं नाही. सणाची सलग सुट्टी दिली की ती आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी भरून घेतात. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि त्यांचा मध्य-शरद सण एकाच दिवशी आले, १७ सप्टेंबरला. त्या सुट्टीपायी १४ तारखेच्या शनिवारी पूर्ण शाळा भरली. १६ ला बेबिन्का वादळ शांघायला धडकलं. १९४९ नंतर त्या शहरावर आलेलं सर्वांत जोरदार वादळ म्हणतात ते. दिवसभर खिडक्या लावून घरात बसले. दुसऱ्या दिवशी मी सुपारीच्या गणपतीची आरती केली आणि शेजारच्या आजींनी दिलेले मूनकेक नैवेद्याला ठेवले. आत कमळाच्या बियांचं सारण होतं, विचारून घेतलं. हे विचारणं शाकाहारी माणसाला रोजचंच. भाजीतले मांसाचे तुकडे काढून देतात, पण फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते. सुझौतल्या शीयुआन या बौद्ध मंदिरातले शाकाहारी नूडल्स निर्धास्तपणे खाता येतात. तूरडाळ आणि पोहे ऑनलाइन मिळतात.

आणि वर्ग! दुपारी जेवणानंतर मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. उठली की बीजगणितात त्यांचा हात धरणं कठीण. उत्तर विचारलं की एकाच हाताच्या बोटांनी दहापर्यंतचे आकडे दाखवतात. अंगठा आणि करंगळी वर म्हणजे सहा, हे मलाही शिकावं लागलं. पण तीच मुलं संभाव्यतेचं शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. गणित येत असतं, इंग्रजी वाक्यात काय दिलंय आणि काय विचारलंय ते सुटत नसतं. पुण्यात मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांचं नेमकं हेच व्हायचं. त्यांच्यासाठी करायचे तेच मी इथे सुरू केलं: पेन खाली ठेवायचं, प्रश्न मोठ्याने वाचायचा, दिलेलं एका रंगाने आणि विचारलेलं दुसऱ्या रंगाने अधोरेखित करायचं, मगच आकडेमोड. सुरुवातीला वेळ वाया जातो म्हणून मुलं कुरकुरली. नाताळच्या सुमारास एक मुलगा आपणहून फळ्यापाशी आला, दोन खडू मागून घेतले आणि वर्गाला प्रश्न वाचून दाखवू लागला.