82 आणि 83 च्या घोळात अडकलेली माझी डोरा

फॉके-वुल्फ 190 डी-9 हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, म्हणजे मॉडेलवाल्यांची लाडकी 'डोरा'. तिचं 1/48 प्रमाणातलं किट उघडलं तेव्हा वाटलं होतं, कॉकपिट आणि चाकांच्या खोबणीत वेळ जाईल. तसं काही झालं नाही. कॉकपिटला आरएलएम 66 क्रमांकाचा रंग, प्रोपेलरच्या पात्यांना 70, जोडणी, पुट्टी, घासकाम, सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती पंखांवरच्या दोन हिरव्या रंगांपाशी, 82 आणि 83. नुसता प्रायमर मारलेलं मॉडेल कपाटावर धूळ खात बसलं आणि मी बाटल्यांची वाट पाहत बसलो. तो वैताग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

युद्धकाळातल्या जर्मन विमानांचे रंग तिथल्या हवाई मंत्रालयाच्या क्रमांकांनी ओळखले जातात. आरएलएम ही त्याच मंत्रालयाची आद्याक्षरं. 1940 मधलं मेसरश्मिट 109 करायचं असेल तर 02, 71 आणि 65 घ्या. 1941 नंतरच्या लढाऊ विमानाला 74, 75, 76. या रंगांसाठी त्या काळचे सरकारी रंगतक्ते आहेत, त्यामुळे वाद झाला तरी तो एका मर्यादेत राहतो. नवीन माणसाने पहिलं जर्मन विमान याच काळातलं निवडावं, असं मी अगदी मनापासून सांगेन.

माझी डोरा मात्र 1945 ची. अ‍ॅडॉल्फ गॅलांडच्या जेव्ही 44 या तुकडीकडे मेसरश्मिट 262 ही जेट विमानं होती आणि त्यांचा तळ म्युनिक-रीमला होता. जेट उतरताना किंवा उडताना वेग कमी असायचा, इंजिन पटकन जोर धरायचं नाही, आणि नेमकी तीच वेळ साधायला अमेरिकन लढाऊ विमानं तळाभोवती टपलेली असायची. त्या वेळी वरून पहारा द्यायला या डोरा ठेवल्या होत्या. आपल्याच तोफांनी त्यांना पाडू नये म्हणून त्यांचं पोट लाल रंगवून त्यावर पांढरे पट्टे मारले होते. लाल म्हणजे 23. मास्किंग टेप, दोन पातळ हात, एका संध्याकाळी पोट तयार.

आणि मग वरची बाजू.

1944 च्या उन्हाळ्यात मंत्रालयाने 81 आणि 82 हे नवे रंग आणले, 83 ही त्याच सुमाराचा मानला जातो. जुना साठा आधी संपवायचा होताच. बॉम्बहल्ल्यांमुळे कारखान्यांची कामं विखुरली होती, कच्च्या मालाची टंचाई होती. पंख एकीकडे बनत, धड दुसरीकडे, आणि बरेच भाग रंग लावूनच जुळणीला येत. त्यामुळे पंखावर एक जोडी आणि धडावर वेगळीच, असं एकाच विमानावर होऊ शकत होतं. 1941 च्या तक्त्यात हे तीन रंग असणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्या काळाची विमानं सगळ्यांना हवी असतात, नेमक्या त्याच काळासाठी हातात धरायला पक्का आधार नाही.

तरी बाटल्यांवर आकडे अगदी ठामपणे छापलेले असतात! मी वेगवेगळ्या कंपन्यांचे 82 आणि 83 मागवले. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्टीवर शेजारी शेजारी चौकोन मारले, पूर्ण वाळू दिले आणि सकाळी खिडकीत धरले. एकीचा 82 चक्क पोपटी. दुसरीचा मेंदी, तोही मळकट. तिसरीच्या 83 मध्ये निळसर झाक. परदेशातून मागवलेल्या लॅकरच्या बाटलीसाठी तर मी फार थांबलो. ज्वालाग्राही माल म्हणून ते पार्सल विमानाने येईना, आणि विक्रेत्याला विचारलं की "आज निघेल" एवढंच उत्तर. अखेर ती आली. झाकणावर 83 आणि आतला रंग दुसऱ्या कंपनीच्या 82 शी इतका जुळणारा, की पट्टीवर दोन्ही चौकोनांमधली रेघ शोधावी लागत होती. इतक्या प्रतीक्षेनंतर हे पाहून मी खरंच संतापलो.

डीकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांच्या, कागदांचंही तेच. एकाच विमानासाठी एक म्हणतो 82 आणि 83, दुसरा म्हणतो 75 आणि 83, तिसऱ्याला त्यात 81 दिसतो.

मग संग्रहालयातल्या विमानाचे फोटो बघावेत म्हटलं. अमेरिकेत डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात खरी डी-9 आहे, पण तिचा आजचा रंग नंतर दिलेला आहे. अस्सल विमान म्हणजे अस्सल रंग, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. खरा पुरावा रंगाखाली दडलेला असतो. स्मिथसोनियन संग्रहालयातल्या फॉके-वुल्फ 190 एफ-8 चं 1980 नंतर पुनरुज्जीवन झालं, तेव्हा घासताना एकाखाली एक रंगांचे थर निघाले आणि त्या विमानाचा आधीचा इतिहासच उलगडला. आपल्याला मात्र पडद्यावर दिसतो तो फक्त फोटो.

शेवटी सुटलं ते जुन्या कृष्णधवल फोटोंमुळेच. फोटोत नेमका रंग शोधायचा नाही, दोन रंगांमधला फरक शोधायचा. त्याच फोटोत प्रोपेलरचं पातं दिसत असेल तर तो 70, जवळजवळ काळा. विमानावरच्या क्रॉसचा पांढरा हे दुसरं टोक. या दोन टोकांच्या मध्ये पंखावरचे दोन पट्टे कुठे बसतात ते पाहायचं. माझ्या विमानात दोन्ही पट्टे गर्द नव्हते. एक स्पष्ट उजळ होता. म्हणून 82 आणि 83 ची जोडी मी धरली. मग ट्रायल पट्टीचा मोबाइलवर फोटो काढला, त्यातला रंग काढून टाकला आणि मूळ फोटोशेजारी ठेवला. 83 गर्दच ठेवला. 82 मध्ये थोडा पिवळा आणि करडा घालत गेलो, आणि दोघांमधला फरक फोटोतल्याइतका दिसू लागला तेव्हा थांबलो. ती पट्टी पाहून झालेला आनंद कुठल्याही महागड्या बाटलीने दिला नव्हता. मॉडेल आता शेल्फवर आहे आणि त्या पंखांचा मला अभिमान वाटतो.

इथे एक सावधगिरी. त्या काळच्या काही फिल्मला लाल रंग दिसतच नसे. अशा फोटोत लाल काळाठिक्कर येतो आणि हिरवा असतो त्यापेक्षा उजळ. आधी एखादी नक्की माहीत असलेली लाल वस्तू कशी आली आहे ते पाहा, मगच हिरव्यावर मत बनवा.

धडाच्या बाजूचा फिकट रंग मी 76 घेतला. शेवटच्या काळात तिथे हिरवट-पिवळट छटाही दिसते आणि तिला 84 म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण तो आकडा मॉडेलवाल्यांनी दिलेला आहे, मंत्रालयाने नाही.

शेपटीवरचा वेर्कनंबर, म्हणजे कारखान्याचा अनुक्रमांक, वाचता आला तर आधी तोच धरा. त्यावरून विमान कुठल्या कारखान्याच्या तुकडीतलं ते कळतं, आणि त्याच तुकडीतल्या इतर विमानांचे फोटो मदतीला येतात. बाटली विकत घेण्याआधी हे काम करायला हवं.

छोट्या मॉडेलवर रंग जरा उजळ करावा लागतो, हे खरं. पण हिरव्यात नुसता पांढरा ओतला तर तो दुधाळ होतो. फिकट करडा किंवा पिवळा बरा. ट्यूबलाइटखाली छटा ठरवू नका. डीकलआधी चकचकीत व्हार्निशचा हात दिला की सगळे रंग गडद होतात, म्हणून ट्रायल पट्टीलाही तोच हात द्या आणि मगच तुलना करा. पुण्याच्या पावसाळ्यात लॅकर मारू नका, दमट हवेत पांढरट साय धरते.

आणि मिश्रणाचं प्रमाण थेंब मोजून लगेच पट्टीच्या मागे लिहून ठेवा. डीकलनंतर कुठेतरी टवका उडतोच, आणि तेव्हा तीच छटा पुन्हा बनवावी लागते.