लाइट बिलाच्या मागे

लाइट बिल भरायचं राहिलं म्हणून ड्रॉवर उपसला, तर बिलाच्या मागे लेकीचं अक्षर. पट्टीने रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे बाहेरगावच्या त्या महागड्या कॉलेजची फी, हॉस्टेल, मेस, जाणं-येणं; शिष्यवृत्ती वजा करून चार वर्षांचे ३२ लाख. उजवीकडे बाबांचा पीपीएफ ९, आजीची एफडी ६, कर्ज ७.५. आणि सगळ्यांत खाली, जरा बारीक अक्षरात, 'आईच्या पाटल्या?'

सकाळपासून त्या प्रश्नचिन्हापाशीच अडकले आहे.

सोमवारी हसत हसत म्हणाली होती, "आई, मला आपलं सांगलीचं विलिंग्डन कॉलेजच बरं. घरचं जेवण तरी मिळेल." आणि मला सुटल्यासारखं झालं होतं. हे इथे लिहिते, कारण तेच टोचतंय. ह्यांनी पेढेसुद्धा आणले.

शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, एवढं तिने शोधून काढलं. मग सोन्याचा भाव बघायला कितीसा वेळ लागला असता? तिने तो बघितला नाही. माझ्या पाटल्यांपुढे आकडा मांडणं तिच्या जिवावर आलं. अठरा वर्षांच्या पोरीवर ही वेळ मी आणली.

माझ्या वडिलांनी, नानांनी, मला कधी हिशोब दाखवला नव्हता. १९९४ साली फर्ग्युसनचं नाव काढलं, तर चपला घालता घालता म्हणाले, "आपल्याला नाही जमायचं." संपलं. मग तीन वर्षं मिरजेहून बसने विश्रामबागला, ह्याच विलिंग्डनला. कॉलेजला नावं नाही ठेवायची मला. १९१९ चं ते, फर्ग्युसनच्याच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. पुढे ज्ञानपीठ मिळालेले कन्नड कवी गोकाक एकेकाळी तिथे प्राचार्य होते. आमच्या सरांनी मन लावून शिकवलं. पण बी. ए. झाल्यावर कुठे अर्ज करायचा, कुणाला भेटायचं, शिफारसपत्र म्हणजे काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. पैसेवाल्या कॉलेजात मुलांना हे पहिल्या वर्षापासून सीनियरच सांगतात. म्हणून त्या फीला नुसते नावाचे पैसे म्हणवत नाही मला. मी ज्यासाठी अडले, ते तिथे मिळतं.

पण हप्ता? शिक्षण संपलं की वर्षभराने तो सुरू होणार, व्याज तर आधीपासूनच चढत राहणार. हिला शेतमजूर बायकांच्या मजुरीवर काम करायचंय, अकरावीपासून तेच डोक्यात आहे. तेविसाव्या वर्षी डोक्यावर हप्ता असला की समोर येईल ती नोकरी धरावी लागते. ज्या कामासाठी एवढी फी भरायची, ते कामच फी फिटेपर्यंत लांबणार. हे त्या गुळगुळीत माहितीपत्रकात कुठे नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटची, अर्थशास्त्राची, प्रवेशयादी अजून यायची आहे. तिथे लागलं तर बरंच आहे, पण त्या भरवशावर किती दिवस बसायचं?

दुपारी कपाटातून पाटल्या काढल्या. आतल्या बाजूला सोनाराचा शिक्का झिजलाय, एकीला बारीक पोचा आहे. लग्नात नानांनीच घातलेल्या. म्हणजे त्यांना चार तोळे जमले होते. हातात घेऊन बसले आणि इतक्या वर्षांनी नानांचा पुन्हा राग आला, अगदी रडू येईपर्यंत. मग हळूहळू ओसरला. त्यांच्या घरात मुलीसाठी सोनं साठवायची रीत होती, फी साठवायची नव्हती. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. निदान माझ्या घरात हिशोब कागदावर तरी आला, आणि तो लेकीने मांडला.

संध्याकाळी बिल तिच्यापुढे ठेवलं. लालबुंद झाली. "खोडते मी ते, आई."

"खोडू नकोस," म्हटलं. तिच्याच पेनने प्रश्नचिन्हापुढे '४ तोळे' लिहिलं. मोडायच्या की नाही ते ठरलेलं नाही. ते ठरवणं तिच्या एकटीवर नको, एवढंच.

तिने कागद परत घेतला, बराच वेळ बघितला. "आजीच्या एफडीचं आजीला विचारलंच नाही गं मी," म्हणाली.

रविवारी जेवणं झाली की सगळे बसणार आहोत. माईंना, म्हणजे तिच्या आजीला, मी आजच सांगून ठेवलंय.